शून्यावर शून्य लावलं की फोन तुटतो! ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर सगळ्यांना बाहेरची लाईन कशी द्यायची?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. मुख्य शाखेत २०१२ साली बसवलेला ईपीएबीएक्स आहे, म्हणजे बाहेरच्या लाईन ऑफिसातल्या सगळ्या फोनांना वाटून देणारी पेटी, चार लाईन आणि सोळा एक्स्टेंशनची. तीन लाईन चालू आहेत. दोन महिन्यांपूर्वी तांब्याच्या तारा गेल्या आणि तिन्ही नंबर फायबरवर आले. ज्यांनी पेटी बसवली त्यांनी धंदा बंद केला, मॅन्युअल कुठे गेलं कुणालाच माहीत नाही.

अडचण अशी. टेबलावरच्या फोनवरून शून्य दाबलं की बाहेरची टोन येते. सांगलीतलाच लँडलाईन नंबर लावला तर लागतो. मोबाईल लागत नाही. नुसता दहा आकडी नंबर लावला तर रेकॉर्डिंग लागतं, की आधी शून्य लावा. म्हणून पुन्हा शून्य दाबावं तर टूं टूं टूं, खेळ खलास. माझ्या केबिनमधून मात्र तोच मोबाईल बिनतक्रार लागतो. आणि हे फायबरमुळे म्हणावं तर तसंही नाही, तांब्याची लाईन होती तेव्हापासून काही वर्षं असंच चाललंय. लोकांनी मार्ग काढला, ज्याने त्याने आपापल्या मोबाईलवरून फोन करायचे.

आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या कर्ज विभागात एक मुलगी आहे, चार वर्षं झाली लागून. हप्ता थकला की आठवण करायचे फोन तिच्याकडे. ते ती स्वतःच्या मोबाईलवरून करते. मागच्या आठवड्यात राजीनामा घेऊन आली. रात्री साडेदहा-अकराला कर्जदारांचे फोन येतात, कुणी 'पैसे भरले' सांगायला, कुणी शिव्या द्यायला. एकजण तर तिच्या नंबरावर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतो. घरी सासरे विचारतात, कोण आहे हा. राजीनामा मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, मंजूर केलेला नाही. आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे तिच्याकडे.

तर दोन प्रश्न. एक, ही लाईन सुरू कशी करायची? दोन, आमच्या संचालक मंडळात काहींचं म्हणणं आहे की बाहेरची लाईन सगळ्यांना देऊच नये, ऑपरेटरकडून मागून घ्यावी. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पिंपळपान | सोमवार, दुपारी १२:०५

आमच्याकडे ९ लावतात. शून्य लावलं की रिसेप्शनला जातो. ९ लावून पाहिलं का?

तारवाला | सोमवार, दुपारी १२:५०

पिंपळपान, त्याने फरक पडणार नाही. लाईन घ्यायचा आकडा ० असो की ९, ती दाराची कडी. त्यांना बाहेरची टोन येतेय, गावातला नंबर लागतोय, म्हणजे दार उघडतंय. अडवणूक त्याच्या पुढे आहे.

कृष्णाकाठ, मी टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं काढली, निम्मी एक्स्चेंजच्या एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या सगळ्या तारा जिथे येऊन जोडतात तिथे, आणि निम्मी लोकांच्या ऑफिसात अशाच पेट्या जोडण्यात. तुमच्या पेटीला एसटीडी लॉक आहे.

२०१२ साली ज्याने ती बसवली त्याने पेटीच्या आतल्या नियमांच्या तक्त्यात, म्हणजे टेबलात, एक ओळ भरली असणार: शून्याने सुरू होणारं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. तेव्हा ते योग्यच होतं. सांगलीतून सांगलीत बोलायला शून्य लागत नव्हतं, आपल्या सर्कलमधल्या मोबाईललाही लागत नव्हतं. शून्य म्हणजे एसटीडी, आणि दोन शून्यं म्हणजे आयएसडी. पुढे १५ जानेवारी २०२१ पासून नियम आला की लँडलाईनवरून देशातल्या कुठल्याही मोबाईलला आधी शून्य लावायचं. नव्या मोबाईल नंबरांना जागा करायची होती, त्या एका शून्याने २५४ कोटी नंबरांची सोय होईल असं सांगितलं होतं. नियम बदलला, पण ऑफिसाऑफिसातल्या पेट्यांमधलं टेबल बदलायला कुणी गेलं नाही. तुमच्या केबिनचा वर्ग, म्हणजे कुठे कुठे फोन लावायची मुभा, वेगळा ठेवलेला आहे, साहेबांचा फोन म्हणून. त्यामुळे तुमचा लागतो.

एवढं पाहून सांगा: टूं टूं दुसरं शून्य दाबल्या दाबल्या येतं, की सगळा नंबर लावून झाल्यावर?

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:१५

आत्ता तीन टेबलांवर जाऊन पाहिलं. दुसऱ्या शून्यालाच.

तारवाला | सोमवार, दुपारी १:२०

मग लॉकच. रात्री सविस्तर लिहितो. तोवर पेटीवरचं मॉडेल आणि ऑपरेटरचा फोन कोणता ते बघून ठेवा.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:३०

लॉक काढायच्या आधी दुसऱ्या प्रश्नाचा विचार करा. माझं मत तुमच्या मंडळाच्या बाजूने आहे.

नव्वदच्या दशकात मी एका कारखान्याच्या लेखा विभागात होतो. टेलिफोन बिलाची फाईल माझ्याकडे. रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर असायचा, आणि नेमके अकरानंतरचेच फोन बिलात जास्त. शोध घेतला तर रात्रपाळीचा एकजण रोज गावाकडे बोलत होता. माणूस वाईट नव्हता. घरी आजारी आई होती आणि समोर उघडा फोन होता, इतकंच. पण त्याच्या पगारातून कापायचे पैसे मला मोजावे लागले, तो हिशेब अजून विसरलेलो नाही. सोय उघडी ठेवली की मोहाची जबाबदारी आपल्यावर येते. ऑपरेटर मधे असला की प्रत्येक फोनाची वहीत नोंद राहते.

स्वरूप_दे | सोमवार, दुपारी २:४५

हिशेबनीस काका, आता फायबरच्या प्लॅनमध्ये देशभरातले फोन मोफत असतात. बिल फोनाच्या संख्येवर येतच नाही.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी ३:००

प्लॅन मोफत असतो, वेळ मोफत नसतो. आणि आयएसडी आजही मोफत नाही.

मीनल_ग | सोमवार, संध्याकाळी ६:१०

मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात एकवीस वर्षं ऑपरेटर आहे, म्हणून मधे बोलते.

सगळे फोन ऑपरेटरमार्फत म्हणजे काय ते सांगते. सकाळी दहा ते बारा बाहेरून येणारा फोन थांबत नाही. डाव्या हाताला चिठ्ठ्यांचा गठ्ठा: 'फार्मसीला वितरक हवाय', 'तिसऱ्या मजल्याला डॉक्टरांचं घर', 'लेखा विभागाला बँक'. एकेक नंबर लावायचा, समोरच्याने उचलला की आतल्याला रिंग द्यायची, आतला जागेवर नसला की समोरच्याला थांबवायचं. तेवढ्यात दोन दिवे लुकलुकत असतात, त्यातला एखादा अपघाताचा. आमच्याकडे २०१७ मध्ये प्रत्येक विभागाला थेट लाईन दिली आणि येणारा फोन मी तिसऱ्या रिंगच्या आत उचलू लागले. लोकांना तेच हवं असतं.

हिशेबनीस काकांचं नोंदीचं म्हणणं खरं आहे, पण ती नोंद पेटी स्वतः ठेवते. कुठल्या एक्स्टेंशनवरून, किती वाजता, कुठल्या नंबरला, किती मिनिटं. पूर्वी आमच्या पेटीला प्रिंटर जोडलेला होता, दिवसभर कागद बाहेर येत राहायचा. आता ते संगणकात जातं.

कृष्णाकाठ दादा, एक गोष्ट मात्र सांभाळा. तीन लाईन आणि सोळा माणसं. तिन्ही बाहेर जाणाऱ्यांनी घेतल्या तर ठेवीदाराला दिवसभर एंगेज लागेल. येणाऱ्यांसाठी एक लाईन राखून ठेवा.

आणि त्या मुलीला सांगा, नंबर बदलू नकोस. आधी ऑफिसच्या लाईनवरून फोन सुरू होऊ देत, जुने फोन हळूहळू आटतात. आमच्या दोन नर्सताईंचं असंच झालं होतं.

ढगातला | सोमवार, रात्री ८:३०

मला कळत नाही, २०१२ची पेटी अजून कशाला सांभाळायची? पुण्यातल्या आमच्या कंपनीने तीन वर्षांपूर्वी पेटी काढून टाकली. क्लाऊडवर एक्स्चेंज, परवाना असलेल्या कंपनीकडून सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनची लाईन, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर अ‍ॅप. अ‍ॅपमधून फोन केला की समोरच्याला ऑफिसचाच नंबर दिसतो. साईटवर असलात तरी. शून्य लावायची भानगडच नाही.

मीनल_ग | सोमवार, रात्री ८:५०

त्या मुलीला रात्री ऑफिसचे फोन नको आहेत, आणि तुम्ही ऑफिसचा फोन तिच्या मोबाईलमध्येच घालताय.

ढगातला | सोमवार, रात्री ९:०५

अ‍ॅपमध्ये कामाची वेळ ठरवता येते, संध्याकाळी सहानंतर वाजत नाही. पण मुद्दा समजला. तिला टेबलावरचा आयपी फोन द्या. क्लाऊडला तोही जोडता येतो.

पिंपळपान | सोमवार, रात्री ९:४०

हिशेबनीस काकांच्या रात्रपाळीवरून आठवलं. आमच्या वडिलांच्या ऑफिसात काळा डायलचा फोन होता आणि डायलच्या भोकात एक छोटं पितळी कुलूप. किल्ली हेडक्लार्ककडे. कुलूप असलं की डायल फिरायची नाही, फोन फक्त घेता यायचा. पण ऑफिसातले शिपाई रिसिव्हर ठेवायच्या बटणावर बोटाने टकटक करून नंबर लावायचे! ५ साठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा. मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. एक अंक झाला की जरा थांबायचं, मग पुढचा.

तारवाला | सोमवार, रात्री ९:५५

अगदी खरं. डायल दुसरं काहीच करत नव्हती, जितका अंक तितक्या वेळा लाईन क्षणभर तोडायची. बटणानेही तेच होतं. मी खात्यात लागलो तेव्हा आमच्याकडे स्ट्रोजर, म्हणजे जुनं यांत्रिक, एक्स्चेंज होतं. त्या टिचक्यांबरोबर आत सिलेक्टर पायरी पायरी चढताना कानांनी ऐकू यायचा. रात्रपाळीला कोण नवशिका डायल फिरवतोय ते आवाजावरून कळायचं. नंतर सी-डॉट आलं, सरकारची टेलिफोन संशोधनाची संस्था. १९८४ साली संस्था निघाली आणि दोन-तीन वर्षांत १२८ लाईनचं खेड्यात चालणारं एक्स्चेंज तयार झालं, वातानुकूलन नको, धुळीत चालायचं. तेव्हाच्या ऑफिसच्या पेट्यांपैकी बऱ्याच त्याच घराण्यातल्या.

असो. आता कामाचं.

तारवाला | सोमवार, रात्री १०:४०

कृष्णाकाठ, शांतपणे वाचा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, म्हणून आकडे देत नाही. मॉडेलच्या नावाने शोधलं तर प्रोग्रामिंगचं पुस्तक इंटरनेटवर मिळेल. काय शोधायचं ते सांगतो.

प्रोग्रामिंग सहसा ऑपरेटरच्या फोनवरून होतं. स्टार, हॅश आणि पासवर्ड असा काहीतरी प्रवेश असतो. आत जायच्या आधी आत्ताचं सगळं वहीत उतरवून घ्या, कुठल्या एक्स्टेंशनला कुठला वर्ग आहे ते. सगळ्यात मोठं नुकसान लोक रिसेट मारून करतात. घाईत रिसेट मारू नका, सोळा फोनांची वायरिंग कशी लावली आहे ते पुन्हा शोधत बसाल.

आत गेल्यावर टोल टेबल किंवा अलाऊड-डिनाईड लिस्ट शोधा, म्हणजे कुठले आकडे जाऊ द्यायचे आणि कुठले अडवायचे त्याची यादी. डिनाईडमध्ये '०' दिसेल. ते काढून '००' भरा. एवढ्याने एसटीडी आणि मोबाईल उघडतील, आयएसडी बंद राहील. मोबाईल उघडून एसटीडी बंद ठेवायचा प्रयत्न करू नका, कारण ०७ने मोबाईलही सुरू होतात आणि नागपूरचा ०७१२सुद्धा. आकड्यांची संख्याही सारखीच. त्यातून काही वाचतही नाही. लक्षात ठेवा, टेबलमध्ये लाईन घ्यायचं पहिलं शून्य बहुतेक पेट्या धरत नाहीत, लाईन मिळाल्यानंतरचे अंक मोजतात. काही धरतात. म्हणून बदल केल्यावर एका एक्स्टेंशनवरून तीन शून्यं लावून बघा. तिसऱ्या शून्याला टूं टूं आलं तर टेबल बरोबर आहे.

मीनलताईंनी सांगितलेला मुद्दा लाईनच्या क्रमाने सुटतो. लोकांना तुमचा पहिला नंबर माहीत असतो, तो एंगेज असला की फोन दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर जातो. म्हणजे येणारे फोन पहिल्या लाईनपासून भरत येतात. जाणारे उलटे भरायचे, तिसरी आधी, मग दुसरी. पहिली बाहेर जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ठेवूच नका. हे न केल्याने काय होतं, तर तुम्ही शून्य दाबून लाईन उचलता आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरचा फोन तिच्यावर आलेला असतो. दोघंही 'हॅलो, कोण?' करत बसतात.

आणखी एक, त्या मुलीसाठी. तिने तिसऱ्या लाईनवरून फोन केला की कर्जदाराला तिसऱ्या लाईनचा नंबर दिसेल आणि तो उलटा फोन त्याच नंबरावर करेल. तो फोन कुठे वाजणार ते आत्ताच ठरवा. दिवसा कर्ज विभागात, संध्याकाळनंतर नाईट मोडवर, म्हणजे 'कार्यालय बंद आहे, सकाळी फोन करा' असा संदेश.

क्लाऊडबद्दल: ढगातला म्हणतो ते चुकीचं नाही, नवं ऑफिस असतं तर मीही विचार केला असता. पण इथे टेबलातली एक ओळ बदलायची आहे, त्यासाठी चालती पेटी टाकायची गरज नाही.

भोसरीकर | मंगळवार, सकाळी ९:३०

तारवाले काकांनी आयएसडी बंद ठेवा म्हटलंय, त्याला माझ्याकडून दहा वेळा अनुमोदन.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट होतं. पेटीला डिसा नावाची सोय चालू होती. बाहेरून ऑफिसला फोन करायचा, स्वागताचा संदेश आला की पासवर्ड दाबायचा आणि ऑफिसचीच लाईन घेऊन पुढे कुठेही फोन लावायचा. साहेब दौऱ्यावर असताना वापरायचे. पासवर्ड पेटी आली तेव्हा होता तोच, १२३४. दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत कुणीतरी बाहेरून शिरून परदेशात फोनच फोन लावले. कारखाना बंद, वॉचमन गेटवर, आणि पेटी रात्रभर बोलत होती. पुढच्या बिलाचं पाकीट उघडताना अकाउंटंटचा चेहरा मला अजून दिसतो. पैसे भरावे लागले, कारण फोन आमच्याच लाईनवरून गेलेले.

म्हणून: डिसा बंद, प्रोग्रामिंगचा पासवर्ड बदला, आणि सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी कळवून त्यांच्या बाजूनेही आयएसडी बंद करून घ्या. पेटीतलं कुलूप वेगळं, त्यांचं वेगळं. दोन्ही हवीत.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०:१५

ही माहिती मला नवीन आहे. म्हणजे ऑपरेटर मधे बसवला असता तरी हे थांबलं नसतं. नोंद पेटीतून निघत असेल तर माझा विरोध मागे घेतो. फक्त ती नोंद महिन्यातून एकदा कुणीतरी खरंच वाचा.

उमा_डॅलस | मंगळवार, सकाळी १०:४०

धागा वाचता वाचता झोप गेली, म्हणून लिहिते.

आमच्या टेक्सासमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत एका बाईवर तिच्या विभक्त नवऱ्याने हल्ला केला. नऊ वर्षांची मुलगी खोलीत होती. शिकवलं होतं तसं तिने ९११ लावलं, आपल्या ११२ सारखा इथला आणीबाणीचा नंबर, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फोन लागला नाही, कारण हॉटेलच्या फोनला बाहेरची लाईन घ्यायला आधी ९ लावावं लागत होतं. आई, कॅरी, वाचली नाही. कॅरीच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ साली तिच्याच नावाने कायदा झाला, कॅरीज लॉ. फेब्रुवारी २०२० पासून इथे नव्या बसवलेल्या कुठल्याही ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या फोनवरून आधी काहीही न लावता थेट ९११ लागलंच पाहिजे.

तुमच्या पेटीवरून ११२ लागतो का? शून्य न लावता?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११:२०

उमाताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि उठून भिंतीवरची इंटरकॉमची यादी पाहिली. आमची एक्स्टेंशन्स १०१ ते ११६ आहेत.

१०१ म्हणजे अग्निशमन, आमच्याकडे चेअरमनसाहेबांची केबिन. १०८ म्हणजे रुग्णवाहिका, आमच्याकडे कॅश काउंटर. ११२ लावलं तर रेकॉर्ड रूममध्ये वाजतं, जिथे दिवसातला बराच वेळ कुणी नसतं. गेली बारा-तेरा वर्षं ही यादी प्रत्येक टेबलावर काचेखाली आहे, आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

तारवाला | मंगळवार, सकाळी ११:४५

उमाताईंचे आभार. हे मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. कृष्णाकाठ, एक्स्टेंशन्स २०१ ते २१६ करा. 'फ्लेक्सिबल नंबरिंग' या नावाने सापडेल. मग इमर्जन्सी नंबरची जागा असेल तिथे ११२, १००, १०१, १०८ भरा, म्हणजे ते शून्याशिवाय थेट बाहेर जातील. तुमच्या मॉडेलला ती सोय नसेल तर प्रत्येक फोनवर '०-११२' अशी चिठ्ठी चिकटवा.

दुसरं, तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, ऑफिसची वीज गेली तरी साधा फोन चालायचा. फायबरची तार ज्यात येते त्या डब्याला तसं काही येत नाही. डबा आणि पेटी दोन्ही यूपीएसवर आहेत ना, ते बघा. बहुतेक ठिकाणी पेटी असते, डबा राहून जातो.

स्वरूप_दे | मंगळवार, दुपारी १२:१०

आमच्या ऑफिसची यादी बघितली. १०० ते १२०. आजच पाठवतो ऍडमिनला.

पिंपळपान | मंगळवार, दुपारी १२:३०

आमच्याकडे २०० पासून आहेत. ते मुद्दाम केलंय हे आज कळलं.

कृष्णाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ५:५०

अहवाल देतो.

पुस्तक सापडलं. पासवर्ड पेटी आली तेव्हाचाच होता, भोसरीकरांनी लिहिलेलाच, चारही आकडे तेच. बदलला. डिसा चालूच होती! बंद केली. वर्ग वहीत उतरवले, मग टेबलात '०'च्या जागी '००' केलं. २०५ वरून शून्य, शून्य आणि माझा मोबाईल लावला. खिशात रिंग वाजली तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. तीन शून्यांना टूं टूं येतं. नवे नंबर झाले, ११२ची थेट सोयही निघाली. फायबरचा डबा यूपीएसवर नव्हता, आता आहे.

पण दोन गोष्टी उरल्यात. पाच-सहा वेळा लावलं की एखाद्या वेळी पुन्हा तेच रेकॉर्डिंग, 'आधी शून्य लावा'. मी शून्य लावलेलं असतं, शपथेवर सांगतो. आणि बोलणं संपून समोरच्याने फोन ठेवला तरी कधी कधी लाईनचा दिवा लागलेलाच राहतो. मग मागून पेटी बंद-चालू करावी लागते.

तारवाला | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

दोन्ही वेळी पेटी आणि फायबरचा डबा यांचं एकमेकांशी जुळत नाहीये.

पहिलं. तुमचा माणूस भराभर शून्य, शून्य, नऊ दाबतो. पेटी लाईन उचलते आणि लगेच पुढचे अंक सोडते. तांब्यावर एक्स्चेंजची टोन चटकन यायची. डब्याला तयार व्हायला क्षणभर जास्त लागतो. तेवढ्यात तुमचं दुसरं शून्य हवेत विरतं आणि पुढचे दहा आकडेच पोचतात. म्हणून रेकॉर्डिंग. ट्रंकच्या, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या, सेटिंगमध्ये 'पॉज टाईम' किंवा लाईन उचलल्यानंतर थांबायचा वेळ असेल, तो दीड-दोन सेकंद करा. तोपर्यंत लोकांना सांगा, पहिल्या शून्यानंतर टोन कानाने ऐका, मगच पुढे. शेवटचा आकडा दाबल्यावरही चार-पाच सेकंद शांतता असेल, डबा आणखी अंकाची वाट बघतो. लोक लागत नाही समजून ठेवून देतात. थांबायला सांगा.

दुसरं. समोरचा गेला हे पेटीला एंगेज टोन ओळखून कळतं. आपल्याकडे ती ४०० हर्ट्झची, पाऊण सेकंद वाजते, पाऊण सेकंद थांबते. पेटी बाहेरच्या देशाच्या टोनवर सेट असेल, तिकडे अर्धा-अर्धा सेकंद असते, तर ती ओळखतच नाही आणि लाईन धरून बसते. 'बिझी टोन' शोधा, ७५०-७५० मिलिसेकंद भरा. नाही जमलं तर एका फोनाला कमाल वेळाची मर्यादा घाला.

मीनल_ग | गुरुवार, रात्री ८:००

टोन ऐकून मग दाबायचं, हे आमच्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवते. हल्ली कुणाला टोन ऐकायची सवयच नाही, मोबाईलला टोन कुठे असते?

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी ३:४०

पॉज दोन सेकंद केला. कालपासून चाळीसेक फोन गेले, रेकॉर्डिंग एकदाही नाही. बिझी टोन अर्धा-अर्धाच होती, बदलली. लाईन अजून तरी अडकलेली नाही.

नाईट मोडचा संदेश काल सकाळी रेकॉर्ड केला. आवाज आमच्या शिपाईकाकांचा, कारण गावातल्या सगळ्यांना तो ओळखीचा आहे. तिसऱ्या लाईनवर काल रात्री पावणेअकराला दोन फोन आले, यादीत दिसतात. दोघांनीही संदेश ऐकून ठेवला.

ती मुलगी आज दिवसभर टेबलावरच्या फोनवरून बोलत होती. मोबाईल पर्समध्ये. मघाशी केबिनमध्ये येऊन तिने विचारलं, ड्रॉवरमधला कागद परत मिळेल का. दिला.

तारवाले काका, चौथ्या लाईनचं पोर्ट रिकामं आहे. दुसऱ्या शाखेत पेटी नाही, तिथल्या दोन टेबलांना इथलं एक्स्टेंशन देता येईल का? अंतर अकरा किलोमीटर आहे.

तारवाला | शनिवार, संध्याकाळी ४:१०

रिकाम्या पोर्टवरून नाही जमणार, तांब्याचं एक्स्टेंशन एवढ्या लांब जात नाही. पण तिकडेही फायबर असेल, तर मार्ग आहे. तिकडे राऊटर कुठला बसवलाय त्याचा फोटो टाका.